गोकुळाचा गुंता

गोकुळाचा हात मोडला, तेव्हापासून तिच्या कुरळ्या केसांचा गुंता तिचा नवरा केवळरामच सोडवायचा. तलावावर मासेमारीची जाळी उलगडून सरावलेली त्याची बोटं केस ओढत नसत. तरी एक दिवस तीच म्हणाली, "किती त्रास तुमाले! कापूनच टाकू."

मग तो तिला आरमोरीच्या पार्लरमध्ये घेऊन गेला. तिथल्या रीताला त्यानं बजावलं, "बाई, वाळले का हे केस वर चढतेत. लय आखूड करू नको."

मानेवर रुळणारी कुरळी झुलपं आरशात पाहून गोकुळा लाजली.

"मस्त दिसून राह्यली," केवळराम म्हणाला, पण त्याचं तोंड उतरलं होतं.

"मंग असे काऊन बसले?"

"आता मले विंचराले काई उरलं नाई."

गोकुळा हसली. "आखूड झाले तरी हे गुंततेतच, जी!"