पाचव्या दिवसाचा नाच

सफारी कंपनीतल्या सिरोनकाने नव्या सफरीचे सहा दिवस झोकात जमवले होते. नैरोबीहून निघायचं, तळ्याकाठी पाणघोडे बघायचे, मग माराच्या माळावर सिंह, नदीवर मगरी. तंबू कुठे टाकायचे, कुठल्या वळणावर गाडी थांबवली की हत्ती हमखास दिसतात, सगळं त्याला तोंडपाठ. घोडं अडलं होतं ते पाचव्या दिवशी. त्या दिवशी पाहुण्यांना मसाई वस्ती दाखवायची होती, आणि ऑफिसात फुशारकी मारताना हा सांगून बसला होता, "माझ्याच गावात नेतो ना! मोरानांचा असा नाच दाखवतो की बघत राहाल." गावाला विचारलं का? छे! घरचंच तर गाव, विचारायचं काय त्यात?

आता कंपनीची मालकीण, गाथोनी मॅडम, पाहुण्यांच्या आधी स्वतः तो नाच बघायला येणार होत्या. पसंत पडला तर सगळ्या सफरी सिरोनकाच आखणार. नाही पडला तर त्याचा गाशा गुंडाळलेलाच.

आदल्या दिवशी तो गावी पोचला तेव्हा गावात मोरान औषधालाही नव्हता. मोरान म्हणजे लांब केसांना गेरू माखून हिंडणारी तरणी, बिनलग्नाची पोरं. उंच उड्यांचा नाच त्यांचाच. निम्मी शहरात वॉचमन झाली होती आणि उरलेली गवताच्या शोधात गुरं घेऊन डोंगरापलीकडे गेली होती.

"येयो, एकसुद्धा नाही?" त्याने आईला विचारलं.

"असते तर काय मी चुलीमागे लपवून ठेवले असते? आधी फोन करायला काय झालं होतं तुला?"

बाभळीखाली म्हातारे काठ्या टेकून बसले होते. मधोमध त्याचे वडील, कोइकाई. सिरोनका त्यांच्यापुढे उकिडवा बसला आणि घसा खाकरून म्हणाला, "उद्या तुम्हीच नाचाल का? थोडंसंच."

"ऐकलंस का कोइकाई?" तिपापे खदाखदा हसला. वडिलांचा जिवाभावाचा मित्र तो, दोघं एकाच वेळी मोरान झालेले. "तुझा लेक आपल्याला पुन्हा लग्नाला उभं करतोय! अरे बाळा, उडी मारीन मी, पण खाली कोण उतरवून घेणार मला?"

सगळे हसले. सिरोनकाही हसला, आणि हसत हसत त्याने पिशवीतून केसांचे टोप काढले. लांब वेण्या, गेरूने लाल केलेल्या. नारोकच्या बाजारात मिळतात, हॉटेलांतल्या नाचांसाठी.

हसू तिथल्या तिथे विरलं.

मोरानपण संपतं तेव्हा आई स्वतःच्या हाताने लेकाचे केस उतरवते. भले भले धटिंगण त्या वेळी हुंदके देऊन रडतात. त्यानंतर माणूस वडीलधारा होतो, आणि वडीलधाऱ्याने सुनांसमोर उड्या मारायच्या म्हणजे लाजच सोडायची. हे सिरोनकाला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. त्याला पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने टोप विकत घेतले, आणि घेताना त्यातले बरे निवडूनही घेतले.

"तो माझ्या डोक्याजवळ आणलास तर हात मोडून ठेवीन," तिपापे म्हणाला आणि काठी उचलून चालू लागला. त्याच्यामागे बाकीचे. वडील तेवढे बसून राहिले.

"नाच झाला नाही तर?" त्यांनी विचारलं.

"काढून टाकतील, बाबा. मी शब्द दिलाय."

"कुणाच्या जिवावर?"

बाबा रागावले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "आण इकडे ते."

सकाळी येयोने गेरू कालवला, पण नवऱ्याला लावायला ती धजेना. बाबांनी वाटी ओढून घेतली आणि आपलं आपणच मानेला, खांद्यांना फासलं. तेवढ्यात तिपापे शिव्या घालत आला. "मूर्खा, एकटाच उड्या मारणार होतास होय? दे तो मेला टोप!" त्याच्यामागे आणखी तिघे आले. सोबतीने मोरान झालेल्याला एकटं टाकायचं नसतं.

मॅडम आल्या, खुर्चीवर बसल्या. बायकांनी गाणं धरलं, पण आवाज काही केल्या लागेना. सिरोनकाची बायको घराच्या दाराशी पाठ फिरवून उभी होती. बाबा पुढे आले, अंग ताठ केलं आणि उडी मारली. जेमतेम वीतभर. पुन्हा मारली. टोप कपाळावर घसरला, तो सावरून पुन्हा मारली. छाती भात्यासारखी चालली होती. सिरोनकाला वाटलं, पुरे, थांबवावं. पण त्याची नजर सारखी मॅडमच्या चेहऱ्याकडे जात होती.

"तो मधला जरा वयस्कर वाटतो रे," मॅडम स्वाहिलीत म्हणाल्या.

"मोरानच आहे, मॅडम. उन्हाने रापलाय."

"ओळखीचा आहे का तुझ्या?"

"आहे... गावातलाच आहे."

बाबांना स्वाहिली चांगली समजत होती.

नाच थांबला. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, पसंत म्हणाल्या. आणि बाबा धापा टाकत, अंगावरून घामाने गेरू ओघळत असताना, सरळ सिरोनकापुढे येऊन उभे राहिले आणि त्यांनी डोकं वाकवलं.

लहानाने असं डोकं वाकवायचं आणि मोठ्याने त्यावर हात ठेवायचा, ही तिथली भेटायची रीत. मोरान वडीलधाऱ्यापुढे वाकतो. बाप लेकापुढे वाकलेला कुणी कधी पाहिला नव्हता.

"बाबा, नको," सिरोनका ओठांतल्या ओठांत पुटपुटला. "तुमच्या पाया पडतो."

"मोरान ना मी? गावातला?" खाली मान घातलेल्या बाबांचा आवाज आला, मॅडमना न कळणाऱ्या मसाई भाषेत. "मग ठेव हात."

"अगबाई, किती गोड पद्धत आहे ही!" मॅडम म्हणाल्या. "हेही ठेव हं पाचव्या दिवशी."

धरणीने पोटात घ्यावं असं सिरोनकाला झालं. येयो बघत होती, तिपापे बघत होता. त्याने हात उचलला आणि त्या विकतच्या केसांवर टेकवला. खालचं डोकं तापलेलं होतं आणि थरथरत होतं.

बाबांनी डोकं वर केलं, पण नजर जमिनीवरच ठेवली, पोरं ठेवतात तशी.

"जाऊ का मी आता?" त्यांनी विचारलं.

मॅडम अजून हसून बघत होत्या. सिरोनका म्हणाला, "जा."