चोकच्या बटणाला अडकवलेली पिशवी

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे. पण म्हणून मला आजोबा म्हणू नका. आजोबा एका जागी बसतात. मला बसता येत नाही.

तसं माझं कूळ साधंच. माझी भावंडं कारखान्यातून निघाली आणि संसारी गाड्यांत गपगुमान नांदायला गेली. मी मात्र एका शर्यतवेड्या मेकॅनिकच्या हाती सापडलो. त्याला सगळे 'सुसाट' म्हणत. त्याने माझं पोट उघडलं, आतल्या वाटा घासून आरशासारख्या केल्या, झडपा उघडमिट करणारा शर्यतीचा कॅम बसवला, जुळे कार्बोरेटर लावले. तेव्हापासून माझ्या अंगात वारं शिरलं. एका शर्यतीत मी असा सुटलो, की माझा आवाजच मागे राहिला; बक्षीस वाटून झाल्यावर तो बिचारा धापा टाकत आला. खोटं वाटत असेल तर मला विचारू नका, आवाजाला विचारा.

पण कौतुकाला वय असतं. माझ्याहून तरणी इंजिनं आली आणि मी गॅरेजच्या कोपऱ्यात गेलो. माझ्या डोक्यावर कुणी रंगाचा डबा ठेवी, कुणी चहाचा पेला. बाहेरून एखादी गाडी गेली, की माझे बोल्ट नुसते शिवशिवत.

अशात सुसाटची आत्या आली. आत्या निवृत्त नर्स. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची मलमपट्टी करायला ती आपल्या छोट्या, गोल, जुन्या गाडीतून गावभर हिंडे. गाडीचं नाव डबी. त्या डबीच्या इंजिनाने नुकतेच प्राण सोडले होते. आत्याबरोबर तिचा धाकटा भाऊ, म्हणजे सुसाटचे वडीलही आले होते.

"ताई, आता पुरे झालं. भंगारात घाल ती गाडी," ते म्हणाले.

"आणि टेकडीवरच्या पोस्टमनची पट्टी कोण बदलणार? तू? तुला रक्त बघून घेरी येते."

सुसाटने माझ्याकडे बोट दाखवलं. "आत्या, हे बसवू या."

"पळतं का रे?"

"पळतं? त्याला तेवढंच येतं!"

वडिलांनी कपाळाला हात लावला. "बसवा. पण काही विपरीत झालं, तर किल्ली माझ्या खिशात. कायमची." आत्याने मान डोलावली.

मित्रांनो, डबीत मी म्हणजे करंड्यात कोंडलेला गवा! सिग्नलला थांबलो की मी थडथडायचो, शिंकायचो आणि बंद पडायचो. मागचे हॉर्न वाजवायचे, आत्या त्यांना दटावायची. शेवटी सुसाटने युक्ती केली. थंडीत सुरू व्हायलाही मला चोक लागतच नव्हता, तेव्हा चोकचं रिकामं बटण त्याने रेसच्या तारेला जोडलं आणि किंचित ओढून ठेवलं. मग मी थांबल्यावरही घुमत राहायचो.

"आत्या, त्या बटणाला हात लावायचा नाही हं," त्याने बजावलं.

आत्याने हात लावलाच नाही. पण डबी घेतल्यापासून आत्याची पिशवी त्याच बटणाला लटकत आली होती! चोक ओढायला जितक्यांदा वापरला नसेल, तितक्यांदा तो खुंटी म्हणून वापरला होता. सुसाट लहानपणापासून ते बघत होता आणि नेमका तेच विसरला.

हलक्या पिशवीने फारसं बिघडलं नाही. मग एके सकाळी पोस्टमनसाठी औषधाच्या बाटल्यांनी पिशवी गच्च भरली. गाडी निघाली, पिशवी मागे झुलली, बटण ओढलं गेलं. मी उसळलो! मी उसळलो तशी पिशवी आणखी झुलली, आणि पिशवी झुलली तसा मी आणखी उसळलो. खरं सांगतो, मला आनंद झाला. किती दिवसांनी रस्ता माझ्या अंगावर धावून येत होता! आत्या ब्रेकवर उभीच राहिली. पण ब्रेक डबीचेच, ते माझ्यापुढे काय टिकणार? अखेर तिने किल्ली फिरवली आणि माझा श्वास तुटला. डबी घरंगळत जाऊन शिंप्याच्या दारातल्या पुतळ्याला टेकली. पुतळ्याच्या अंगात एका बाहीचा कोट होता. लोक म्हणतात, दुसरी बाही मी उडवली. शपथेवर सांगतो, ती शिवलीच नव्हती.

आत्याचे भाऊ धावत आले. किल्लीसाठी त्यांनी हात पुढे केला. आत्याने किल्ली काढली, त्यांच्या तळहातावर ठेवायला गेली आणि थबकली.

"थांब. ताप आला म्हणून कुणी पाय कापतं का? आधी कारण बघू." तिने सुसाटला बोलावून घेतलं आणि गियर न टाकता मला सुरू करायला लावलं. पिशवी बटणावरून उचलली, मी शांत. पिशवी अडकवून मागे ओढली, मी गरजलो.

सुसाटची मान खाली गेली. "माझंच चुकलं, आत्या."

"घोड्याला पंख लावलेस, आणि लगाम सुतळीचा ठेवलास, होय रे? आता ब्रेक बदल. आणि मला एक खुंटी दे."

त्याने मोठे ब्रेक बसवले, रुंद रेडिएटर आणला, थांबल्यावर मी बंद पडू नये म्हणून माझा कॅम थोडा मवाळ केला, बटणाची तार तोडली आणि शेजारी एक पितळी हूक ठोकला. पण भाऊंची अट होती, की पहिल्या फेरीला ते शेजारी बसणार. मगच किल्लीचा निकाल.

बाजारातून आम्ही शहाण्यासारखे गेलो. सिग्नलला मी गप्प राहिलो. कसा राहिलो, माझं मला ठाऊक! टेकडीखालचा सरळ, रिकामा रस्ता आला. आत्याने पिशवी हुकावरून काढली आणि जुन्या बटणाला अडकवली. मी झेपावलो.

"ताई! पिशवी! पिशवी!" भाऊ ओरडले.

"अरे, ते बटण आता कशालाच जोडलेलं नाही."

"मग ही पळतेय कशी?"

आत्या सरळ समोर बघत होती. तिचा बूट कुठे होता, ते फक्त मला माहीत. पुढचं वळण दिसताच तोच बूट ब्रेकवर गेला आणि डबी गाईसारखी थांबली. भाऊंनी डोळे उघडले, गाडी थांबल्याची खात्री केली आणि म्हणाले, "ब्रेक बरे आहेत." किल्लीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तेव्हा मित्रांनो, कुणाला बळ द्याल तर आधी त्याला थांबायचं साधन द्या. माझ्यासारख्याला सकाळी नीट गरम होऊ द्या, तेलपाणी बघा. आणि अधूनमधून मोकळ्या रस्त्यावरही न्या. कुणी विचारलं, तर पिशवीचं नाव सांगा.