नव्वदातून अठ्ठ्याहत्तर

गौरांगदादाची गाडी म्हणजे धरमपेठेतल्या आमच्या गल्लीतली पहिली इलेक्ट्रिक कार, आणि हे त्याने सात वर्षं कोणाला विसरू दिलं नाही. नवीन होती तेव्हा एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर जायची. वर्ध्याला रंभामावशीकडे जाऊन परत आलं तरी चाळीसच्या वर शिल्लक राहायचे. तेव्हा दादा आल्या-गेल्याला गाडीत बसवून स्क्रीनवरचा आकडा दाखवायचा. आकडा दाखवायची हौस पुढे त्याच्या अंगलट आली, कारण आकडा दरवर्षी खाली यायला लागला. एकशे ऐंशी, एकशे साठ, आणि गेल्या उन्हाळ्यात फुल चार्जला एकशे बत्तीस. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी मात्र, स्क्रीन काही म्हणो, बॅटरी तपासून तिची ताकद बहात्तर टक्के शिल्लक आहे असं सांगितलं आणि सत्तरच्या खाली आल्याशिवाय वॉरंटीत बसत नाही म्हणून हात झटकले.

मी अर्थातच त्याला सोडायची नाही. "दादा, ही आता सीताबर्डीच्या पलीकडे नेत जाऊ नको, परत आणायला ऑटो करावा लागेल," असं मी चारचौघांत म्हणायची. तो हसायचा. दादाला राग येत नाही, आमच्या घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला आहे. मी गणिताची बाई. दहावीच्या मुलांना घरी शिकवते, एकोणीस वर्षांत एकदाही बॅच बुडवलेली नाही. ही गोष्ट मीसुद्धा कोणाला विसरू देत नाही.

गेल्या मे महिन्यात रंभामावशीचं सहस्रचंद्रदर्शन होतं. मावशी आईची थोरली बहीण, आई तिच्याहून तीन वर्षांनी लहान. तिथीप्रमाणे कार्यक्रम नेमका नवतपात आला. त्या नऊ दिवसांत नागपुरात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. आईच्या डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं, पण एक गोष्ट बजावली. रक्तदाबासाठी आई लघवी जास्त होण्याची गोळी घ्यायची. त्या गोळीमुळे अंगातलं पाणी लवकर उतरतं, म्हणून यमुताईंना उन्हापासून जपा आणि सारखं पाणी पाजा, असं ते दोनदा म्हणाले. हे ऐकायला मी होते, दादाही होता.

सकाळी सहाला निघालो. एसी लावून मजेत गेलो, वर्ध्याला पोचलो तेव्हा अठ्ठेचाळीस किलोमीटर शिल्लक होते. मावशीच्या अंगणात पंधरा अँपियरच्या प्लगवर गाडी लावली. दुपारपर्यंत भरून जाईल असा हिशेब होता, पण साडेदहाला लाईन गेली ती आलीच नाही.

कार्यक्रम छान झाला. एक्क्याऐंशी निरांजनांनी ओवाळताना आई तिच्या बहिणीकडे अशी पाहत होती की मला भरून आलं. दोघी एका ताटात जेवल्या. जेवताना आईने पाणी मात्र दोन घोटच घेतलं. परतीचा प्रवास आहे ना, मग वाटेत बाथरूम कुठे शोधायचं? आईच्या पिढीतल्या सगळ्या बायकांना ही सवय आहे. प्रवासाच्या दिवशी तहान मारायची. पर्समध्ये कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, एवढी तिची तयारी पूर्ण होती. मी म्हटलं, "आई, पाणी पी." ती म्हणाली, "घरी गेल्यावर पिते." मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

दीड वाजता दादाने गाडी सुरू करून पाहिली. नव्वद. घर अठ्ठ्याहत्तर किलोमीटर.

"सहाला निघू," तो म्हणाला. "ऊन उतरेल, तोवर लाईनही येईल. आत्ता एसी लावला तर हा आकडा सत्तरवर येतो."

"चार वाजता माझी बॅच आहे."

"एक दिवस नाही घेतली तर चालत नाही का?"

"नाही चालत," मी म्हणाले. "नव्वदातून अठ्ठ्याहत्तर गेले, बारा राहतात. एसी लावायचा नाही, पन्नासच्या वर जायचं नाही. आणि बुटीबोरीच्या अलीकडे त्या ढाब्यावर चार्जर आहे, तिथे अर्धा तास थांबू. हिशेब साधा आहे."

मावशीने आईचा हात धरून ठेवला होता. "यमू, राहा आज. काहून जाते उन्हाची?" आई माझ्याकडे बघून म्हणाली, "हिची मुलं येतात शिकायला." आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसली.

काचा चार बोटं उघड्या ठेवल्या होत्या. त्यातून येणारी हवा चुलीपुढे बसल्यासारखी लागत होती. पन्नासच्या वेगाने जाताना ट्रकवाले हॉर्न मारून पुढे निघून जात होते. मी पुढे दादाशेजारी बसले होते आणि स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचत होते. बहात्तर आणि बासष्ट. पासष्ट आणि त्रेपन्न. पहिला आकडा गाडीत किती शिल्लक, दुसरा घर किती लांब. खरं सांगते, मला त्यात मजा वाटायला लागली होती. दादाही रंगात आला. उतारावर तो पाय उचलून धरायचा आणि आकडा एकाने वाढला की दोघं लहानपणीसारखे ओरडायचो. मागे आई गप्प होती. आम्हाला वाटलं, जेवण जड झालं, झोपली असेल.

ढाब्यावर पोचलो तेव्हा चाळीस शिल्लक होते, घर बत्तीस. चार्जरचा पडदा काळा होता. ढाब्याचा मालक दुर्गेश गमछ्याने तोंड पुसत बाहेर आला.

"मशीन आठ दिवसापासून बंद हाय साहेब. कंपनीले फोन लावून लावून थकलो मी." मग त्याने मागच्या काचेतून आत डोकावून पाहिलं. "बाई, मायचं तोंड लाल होऊन गेलं ना. उतरवा तिले. आत कूलर हाय, सावलीत बसवा घंटाभर. ताक पाजतो."

"घरी पोचतोच आता," मी म्हणाले. "अर्धा-पाऊण तासाचं तर राहिलं."

"एवढ्या उन्हात काहून घाई करून राहिले बाई? ऊन पाहा ना."

मी घड्याळ दाखवलं. त्या माणसाने ताकाचा ग्लास आणून खिडकीतून आईपुढे धरला. आईने मान हलवली. "नको बाबा. मग थांबावं लागतं." तो ग्लास हातात घेऊन तसाच उभा होता, आम्ही रस्त्याला लागलो तरी.

दोन मिनिटांनी दादाने आरशात मागे पाहिलं आणि काचा वर करून एसी लावला. आकडा एका झटक्यात एकतीसवर आला. घर अजूनही एकतीस.

"दादा, काय करून राहिला तू?"

"आईला त्रास होतोय गं."

"आणि मध्येच बंद पडलो तर? भर उन्हात हायवेवर बसवशील तिला?"

मी हात पुढे करून एसीचं बटण बंद केलं, आणि काचा परत चार बोटं खाली आल्या. आकडा परत एकोणचाळीस झाला. मी मागे वळून म्हटलं, "आई, एवढं चालेल ना? अर्धाच तास."

आईने डोळे उघडले. "राहू दे," ती म्हणाली. "मला थंडी वाजून राहिली. शाल दे ना."

आणि मी हसले. बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं आणि माझ्या आईला थंडी वाजत होती, आणि मी खिदळत म्हणाले, "बघ दादा, ती गारठली, आणि तू एसी लावतोस!" दादाही हसला, पण ते हसू लगेच विरलं. थोड्या वेळाने आईने मला "रंभे" म्हणून हाक मारली आणि विहिरीवर जायचं का, असं विचारलं. मी म्हटलं, झोपेत बोलतेय, दिवसभर बहिणीजवळ होती. त्यानंतर ती काही बोलली नाही.

जामठा गेलं. मिहानचा पूल गेला. मेट्रोच्या खांबांची सावली रस्त्यावर पडायला लागली तेव्हा आम्हाला दोघांना जिंकल्यासारखं वाटलं. छत्रपती चौकाच्या सिग्नलला गाडी थांबली. अठरा शिल्लक होते, घर सात. मी म्हणाले, "आई, पोचलो गं," आणि मागे हात नेऊन तिच्या मनगटाला लावला.

ते मनगट कोरडं होतं. एवढ्या उन्हात, एसी बंद असलेल्या गाडीत, घामाचा एक थेंब नाही. कातडी तव्यासारखी तापली होती. तिची मान खिडकीकडे कलंडली होती आणि तोंड उघडं होतं.

धंतोलीतल्या एका हॉस्पिटलपर्यंत दादाने सिग्नल तोडत गाडी नेली. एसी पूर्ण मोठा केला होता. आकड्याकडे आता कोणी पाहत नव्हतं. मी मागे जाऊन तिच्या तोंडाला बाटलीतलं पाणी लावत होते आणि ते गळ्यावरून खाली ओघळत होतं.

ताप एकशे सात होता. त्यांनी तिला बर्फात ठेवलं. एक तरुण डॉक्टर बाहेर आला, आमच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान असेल. त्याने विचारलं, "किती वेळ उन्हात होत्या?"

"उन्हात नाही," मी म्हणाले. "गाडीत होत्या."

"मग एसी नव्हता का गाडीत?"

हे मी कधी कोणाला सांगितलं नाही, इथे सांगते. मला तेव्हा आईच्या जिवाची भीती वाटली नाही, उत्तराची वाटली. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "होता. मी बंद केला. रेंज कमी होती."

डॉक्टरने त्याच्याकडे जसं पाहिलं ते मी पाहिलं. मग तो पेन खिशाला लावून आत गेला.

आई तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. शुद्धीवर आलीच नाही.

तेरवीला मावशी वर्ध्याहून आली. आता तिला धरून चालवावं लागत होतं. पंगतीत सगळ्यांसमोर ती दादाला म्हणाली, "गाडी बंद पडू नये म्हणून माझी बहीण मारलीस रे तू." मी भाताचं पातेलं घेऊन वाढत होते. माझ्या हातून पुढच्या पानावर भात पडला, मग त्याच्या पुढच्या. दादा मान खाली घालून बसला. त्याने जेवण टाकलं नाही, टाकलं असतं तर आईच्या नावाचं पान वाया गेलं असतं. मी पंगत पूर्ण वाढली.

त्या रात्री मला झोप येईना तेव्हा मी जे करते तेच केलं. वही काढून गणित मांडलं. एसीला किती वीज लागते, बत्तीस किलोमीटरला किती वेळ लागला, त्या विजेवर गाडी किती गेली असती. स्क्रीनवर आठ किलोमीटरची घट दिसली ती गाडीचा नुसता अंदाज होता, म्हाताऱ्या बॅटरीने घाबरून दाखवलेला. खरी घट सहा-साडेसहाची. घरी पोचलो असतो तेव्हा अकरा उरले असते. एसी लावून साडेचार-पाच. मी तीनदा मांडून पाहिलं. तीनही वेळा पोचत होतो.

ते दादाला सांगायला म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे गेले. तो आईची औषधं एका पिशवीत भरत होता. गणित काही तोंडून निघालं नाही. मी म्हणाले, "दादा, तू काहून स्वतःवर घेतलंस?"

त्याने पिशवीची गाठ मारली. मग म्हणाला, "तुला बोलता येतं गार्गी. ऐकून घेता येत नाही तुला. मला येतं." त्यात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं. मी उद्याच मावशीला खरं सांगते, असं म्हणाले. तो म्हणाला, "बघ, जमलं तर."

त्याला वर्ष होईल आता. दादा दर रविवारी सकाळी मावशीला फोन लावतो. पूर्ण रिंग जाते, ती उचलत नाही, मग तो फोन खाली ठेवून चहा घेतो. माझा फोन मावशी पहिल्या रिंगला उचलते. माझी चौकशी करते, बॅचची करते, आणि शेवटी रडवेली होऊन दरवेळी तेच विचारते, "असा कसा वागला गं तो? सख्खी आई मागे बसलेली असताना?"

मी म्हणते, "काय सांगू, मावशी."