तीन वर्षांचा अनुभव

मला गाडी चालवता येत नाही, असं एका आठवड्यात मला चार जणांनी सांगितलं, आणि त्या चौघांपैकी एकालाही गाडी चालवता येत नव्हती. टेबलामागे बसलेली माणसं ती. माझं लायसन उलटं धरायचे, सुलटं धरायचे, फोटो माझाच आहे ना बघायचे आणि विचारायचे, "अनुभव किती?"

"अकरा वर्षं क्लीनर आहे साहेब. मोम्बासा बंदर ते मलाबाचा सरहद्द नाका. रस्त्यातला खड्डा न् खड्डा ओळखीचा आहे."

"क्लीनरचा नको, ड्रायव्हरचा सांग."

"लायसन परवाच मिळालं. ड्रायव्हरचा कुठून आणू?"

"मग दोन वर्षांनी ये."

आता सांगा, नोकरीशिवाय अनुभव नाही आणि अनुभवाशिवाय नोकरी नाही. दोन वर्षं काय मी घरी बसून खुर्ची चालवू? मिरितिनीच्या एका ऑफिसातला पोरगा तर हसून म्हणाला, "ताटं धुणारा आचारी होत नसतो, भाऊ." मी म्हटलं, "तुझ्यासारखे ताटंसुद्धा धुवत नाहीत." झालं, ते दारही बंद. माझी बायको वाकेशो म्हणते, माझी जीभ माझ्या आधी इंटरव्ह्यूला पोचते. खरंय तिचं. लायसनच्या क्लाससाठी तिने शिलाई मशीन विकलं होतं, म्हणून घरी येऊन तिला तोंड दाखवणं जास्त अवघड जायचं.

आणि खरी गंमत ही, की अनुभव माझ्याकडे होता. चांगला तीन वर्षांचा. फक्त तो कुणाला सांगता येत नव्हता.

मी ज्यांच्या गाडीवर क्लीनर होतो ते मुथोका. सगळं यार्ड त्यांना म्झे म्हणायचं, वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. मी उस्ताद म्हणायचो. तीस वर्षं ट्रेलर चालवलेला माणूस. गियर टाकला की नाही हे पोटातल्या चहालासुद्धा कळायचं नाही, असा हात. मला त्यांनीच घडवलं. टायर बदलायला, ताडपत्री बांधायला, पोलिसाशी किती बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं हे सगळं त्यांनीच शिकवलं. मारलंही आहे, टायरच्या सळईने. माझी चूक होती.

तीन वर्षांपूर्वी मौंगूच्या जरा अलीकडे एक दूधवाला सायकलवरून रस्त्यात आला. उस्तादांनी ब्रेक मारला, निदान त्यांना वाटलं की मारला. पाय होता ॲक्सिलरेटरवर. गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. मी ओरडलो, "पाय! उस्ताद, पाय!" आणि झडप घालून हँडब्रेक ओढला. दूधवाला खड्ड्यात पडला, कॅन सांडले, जीव वाचला. उस्ताद खाली वाकून आपल्या उजव्या पायाकडे बघत बसले. मग म्हणाले, "मला वाटलं ब्रेकवर आहे."

साखरेचा आजार. पायाची जाणीवच गेली होती त्यांची. पाय चालायचा, वळायचा, पण कशावर ठेवलाय ते कळायचं नाही.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. ठरलं म्हणजे बोललो काहीच नाही. यार्डातून उस्ताद गाडी काढायचे, हळू, पायाकडे बघत बघत. मारियाकानीचा वजनकाटा ओलांडला की गाडी बाजूला घ्यायचे आणि म्हणायचे, "जरा टायर बघ." मी टायर बघून उजव्या दाराने चढायचो, ते डावीकडे सरकायचे. पुढच्या काट्याआधी पुन्हा उलट. तीन वर्षं. एक ओरखडासुद्धा नाही गाडीला. पगार त्यांना ड्रायव्हरचा, मला क्लीनरचा, आणि मला त्याचं काही वाटायचं नाही, कारण मी शिकत होतो. खोटं कशाला बोलू, मजा यायची. एवढा मोठा ट्रेलर आपल्या हाताखाली वळतो तेव्हा छाती फुगतेच माणसाची.

लायसन मिळालं त्या दिवशी उस्तादांनी सगळ्या यार्डला चहा पाजला. प्रत्येकाला सांगत होते, "बघा, म्वाकेसी ड्रायव्हर झाला. माझा चेला." डोळे भरले होते त्यांचे. माझेही.

चार ठिकाणी नकार खाल्ल्यावर मी आमच्याच मालकिणीकडे गेलो. बी झुहुरा. बी म्हणजे बाईसाहेब. नवऱ्यामागे चार गाड्यांचा धंदा एकटीने चालवणारी. चांगामवेला यार्डाच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस. तिचा एक ड्रायव्हर सोडून गेला होता, तिसऱ्या नंबरची गाडी आठवडाभर उभी होती.

"देते की तुला," ती म्हणाली. "बाहेरचा आणण्यापेक्षा घरचा बरा. पण विमावाले अडवतात रे. लायसन नवीन असलं की त्यांना कागद लागतो. एखाद्या जुन्या ड्रायव्हरने लिहून द्यायचं, की याने माझ्या देखरेखीखाली इतकी वर्षं गाडी हाताळली, मी याची हमी घेतो. म्झे देतील ना?"

"देतील म्हणजे काय! आत्ता आणतो."

"आज शुक्रवार. दुपारपर्यंत आण. संध्याकाळी दुसरा एक जण येतोय, अनुभवी आहे. मग मला त्याला नाही म्हणता येणार नाही."

त्या सकाळी मी जिन्यावरून जवळजवळ उड्या मारत खाली आलो. उस्ताद केबिनमध्ये बसून रेडिओ ऐकत होते. आमच्या केबिनमध्ये बूट काढूनच बसायचं असा त्यांचा नियम. त्यांचे बूट खाली, सोड्याच्या बाटल्यांची दातेरी पत्र्याची बुचं, शेंगांची टरफलं आणि कागदांच्या पसाऱ्यात पडलेले. मी कागद आणि पेन पुढे केलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि रेडिओ बंद केला.

"नाही लिहिता येणार."

मला वाटलं, चेष्टा करतायत. "उस्ताद, दोन ओळी आहेत."

"दोन ओळी? तू तीन वर्षं चालवलीस असं लिहिलं, तर तीन वर्षं मी काय करत होतो? झोपा काढत होतो?"

"झोपाच काढत होतात! घोरत होतात वोई गाव येईपर्यंत!"

ते हसले नाहीत. "हळू बोल. हमी म्हटलं की विमावाला विचारणार, का चालवू दिलीस? कोणत्या अधिकाराने? मग येईल माझ्या पायापर्यंत. दोन वर्षं थांब, पोरा. माझी न्दुकू नर्सिंगला आहे माचाकोसला. ती पास झाली की मीच किल्ली तुझ्या हातात देतो."

"अजून दोन वर्षं मी टायर बघू?"

"अकरा बघितलेस."

बस. इथे माझं डोकं फिरलं. ते सरळपणे म्हणाले होते, टोमणा नव्हता, आज मला कळतं. पण तेव्हा वाटलं, या माणसाने मला कायमचा डाव्या बाजूला बसवायचं ठरवलंय. तोंडाने चेला म्हणायचं, चहा पाजायचा आणि सही मागितली की हात वर करायचे.

"तुमच्या पोरीचं शिक्षण मी चालवलंय," मी म्हटलं. "माझ्या पायाने. आणि माझ्या बायकोचं मशीन गेलं."

"माहितेय मला," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

मी पुन्हा जिना चढलो. वर पोचेपर्यंत राग उतरला असता तर बरं झालं असतं, पण जिना लहान आहे तो. बी झुहुरा फोनवर होती. मी थांबलोही नाही.

"बी, त्यांच्या पायाला कळत नाही. म्झेंच्या. तीन वर्षं झाली. साखर. गाडी मी चालवतो."

तिने फोन ठेवला. "काय म्हणालास?"

"कोणीतरी मरेल बी. एक दिवस कोणीतरी मरेल रस्त्यावर. तुमच्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे."

कर्तव्य! हा शब्द माझ्या तोंडात आला कुठून ते देव जाणे. तीन वर्षं मारियाकानीपर्यंतच्या त्या गर्दीत ते गाडी काढायचे. बाजूने शाळेची पोरं, हातगाड्या, प्रवासी माटाटू गाड्यांची घुसाघुशी. तेव्हा माझ्या मनात एकदाही आलं नाही की बी झुहुराला सांगावं. माणसं मरतील हे मला शुक्रवारी सुचलं, सही मिळाली नाही तेव्हा.

तिने खिडकीतून हाक मारली. ते वर आले. जिना चढताना कठडा धरून, नजर पायांवर. आत आल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"म्झे," ती म्हणाली, "हा म्हणतो तुमच्या पायात जाणीव नाही."

"हा?" ते मोठ्याने हसले. "याला लायसनची हवा लागली, बी. सही दिली नाही म्हणून बोंबलतोय. तीस वर्षं झाली मला. कुणाचा पाय म्हणता?" आणि त्यांनी उजवा पाय जमिनीवर आपटला. "हा?" पुन्हा आपटला. "हा बघा. दगड आहे दगड." टेबलावरचे कप वाजायला लागले. चार वेळा, पाच वेळा, जोर लावून. "बघ रे म्वाकेसी, बघ! नाचून दाखवू?"

मी बघत होतो. मला खरं तर वाटायला लागलं होतं की बी झुहुराने त्यांच्यावर विश्वास ठेवावा.

ती मात्र त्यांच्या बुटाकडे बघत होती. तिचा नवरा साखरेनेच गेला होता, दोन्ही पाय कापून. ती हळूच म्हणाली, "म्झे, बसा. बूट काढा जरा."

"कशाला?"

"काढा ना. माझ्यासाठी."

ते बसले. बूट ओढून काढला. मोजा तळाशी लालभडक भिजलेला होता, आणि त्यात सोड्याचं एक बूच रुतलं होतं. केबिनमध्ये बुटात पडलं असणार. ते तसंच घालून ते जिना चढले होते, आणि मग त्याच्यावर पाच वेळा उभे राहून नाचले होते. बुचाचे सगळे दात आत गेले होते.

उस्ताद त्या पायाकडे असे बघत होते, की जणू खोलीतल्या दुसऱ्याच कुणाचा पाय आहे. बी झुहुराने तोंडाला ओढणी लावली. खाली यार्डात कुणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं.

मग उस्ताद म्हणाले, "आण तो कागद."

"राहू दे उस्ताद."

"आण म्हणतो ना. शुक्रवार आहे. दुपार होईल."

मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर, शाळेतल्यासारखं. या माणसाने माझ्यासमोर तीन वर्षं ट्रेलर चालवला. अपघात एकही नाही. मी चालवत नव्हतो, कारण मला चालवता येत नव्हतं. मी याची हमी घेतो. खाली सही, आणि सहीखाली त्यांनी आपला लायसन नंबरही लिहिला, पाठ होता. कागद त्यांनी बी झुहुराकडे दिला, माझ्याकडे नाही.

"हात चांगला आहे त्याचा," ते तिला म्हणाले. "माझ्यापेक्षा चांगला. उतारावर जरा घाई करतो, तेवढं सांगा त्याला. माझं तो ऐकणार नाही आता."

मी खाली बसलो होतो, त्यांचा पाय मांडीवर घेऊन. बूच निघत नव्हतं. नखाने उचकटलं, अंगठ्याने ढकललं, शेवटी दात ओठ खाऊन ओढलं तेव्हा निघालं, आणि त्याच्यामागून रक्त आलं. इतकं, की मला दोन्ही हातांनी टाच आवळून धरावी लागली. मी रडत होतो. "माफ करा उस्ताद," असं काहीतरी म्हणत होतो, तेच तेच.

ते खुर्चीत मागे टेकून बसले होते. चेहऱ्यावर वेदना नाही, काही नाही. नुसते बघत होते माझ्याकडे.

"किती लागलंय रे?" त्यांनी विचारलं. "मला कळत नाही म्हणून विचारतो."

"थोडंच आहे," मी म्हटलं. "वरवरचं."

बी झुहुराने खणातून तिसऱ्या नंबरच्या गाडीची किल्ली काढली आणि माझ्याजवळ, जमिनीवरच ठेवली. ती गाडीसाठी खाली हाका मारत धावली, दवाखान्यात न्यायला. मी किल्लीकडे बघितलं. हात सोडवत नव्हता, रक्त थांबत नव्हतं.

"घे की," उस्ताद म्हणाले. "पाय मी धरतो."