तुपातले कुंकू आणि तळ्याचा सांधा

भोईवाड्यातील चाळीच्या मागील अंगणात निवृत्त शिक्षक चिंतामणी मास्तरांनी कमळांसाठी तळे रचले होते. खड्ड्यात काळ्या रबराच्या दोन चादरी. एकीची कड दुसरीवर चार बोटे चढवलेली आणि मधे दोन्ही अंगांनी चिकटणारी पट्टी. तळे दोनदा भरले, दोनदा उतरले. दर वेळी पाणी काठापासून हातभर खाली, सांध्याच्या एकाच जागी येऊन थबके.

चाळीचा सेक्रेटरी विकास बुधवारीच बजावून गेला होता. "काका, रविवारी सकाळी बघणार. पाणी उतरलं असलं तर भरणी करून पेव्हर ब्लॉक. चार बाइक आरामात लागतील."

"आणि कमळे?"

"कुंडीत लावा ना!"

हत्तीला पाटावर जेवायला बसवावे, तशी ती सूचना मास्तरांना वाटली. पाच कळ्या धरलेली कमळे तूर्त पत्नी नलूताईंच्या धुण्याच्या टबात आश्रयाला होती.

गुरुवारी मास्तर तिसऱ्यांदा सांध्याशी बसले. मदतीला शेजारचा धोंडू होता, गिरणीत यंत्रे जुळवण्यात हयात घालवलेला. त्याने ती जागा उकलली मात्र, आतून लालभडक स्वस्तिक प्रकटले.

"मास्तरानू, ह्या काय?"

"शुभारंभाचे कुंकू. तुपात कालवून," मास्तर सात्त्विक अभिमानाने म्हणाले. "पहिल्या वेळी लहान काढले होते. यश आले नाही, म्हणून दुसऱ्या वेळी मोठे काढले."

धोंडूने कपाळाला हात लावला. "तव्याक तेल कित्याक लावतत? घावणो चिकटाक नये म्हणान! आनि तुमी सांध्याक तूप चोपडलास?"

मास्तरांचा चेहरा उतरला. म्हणजे दोन्ही वेळा तळे बुडाले ते आपल्याच भक्तीने! तरीही कुंकवावाचून कार्यारंभ करण्यास मन धजेना. हातातली वाटी ते खाली ठेवीनात.

नलूताई खिडकीतून म्हणाल्या, "अहो, देवाला गंध कधी लावता? आंघोळीआधी की नंतर?"

"अर्थात नंतर."

"मग ह्या तळ्याची आंघोळ होऊ द्या की आधी!"

शास्त्र बिनतोड होते. मास्तरांनी वाटी खिडकीत सरकवली. धोंडूने कड तूप सोडवणाऱ्या द्रावणाने पुन्हा पुन्हा पुसली, चिकटद्रव्य लावले आणि बोट टेकले असता तार सुटेनाशी होईपर्यंत वाळू दिले. मग नवी पट्टी बसवून वरून गोल कोपऱ्यांचे ठिगळ लावले आणि हातरुळाने दाबले. शनिवारी सकाळी तळे काठोकाठ भरले, तेव्हा मास्तरांनी काठाच्या दगडावर कुंकू वाहिले.

रविवारी विकास टेप घेऊन हजर. वाकून पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. "काका, नखभर उतरलंय!"

मास्तर लगबगीने काठाशी वाकले. तोच नलूताईंनी काठाशी ठेवलेल्या बादलीकडे बोट दाखवले. "ही काल तळ्याबरोबरच भरली होती. हिच्यातलंही नखभरच उतरलंय. उन्हाने ओढलं ते. बादलीतही पेव्हर ब्लॉक घालतोस का रे?"

विकासने बादली पाहिली, तळे पाहिले, पुन्हा बादली पाहिली. "बादलीत बाइक मावणार नाही, काकू," तो अखेर म्हणाला.

कमळांचा टब जड होता. मास्तरांनी एक कड धरून विकासला दुसरी दाखवली. टेप खिशात कोंबून त्याने ती धरली.