पलटणीचा कॉर्नेट

बँडवाल्या सटवाजीच्या ओसरीवर बसून गुरुबसप्पानं पितळी कॉर्नेट उलटा धरला, आत फुंकर मारली आणि कर्ण्यावर नखानं टिचकी दिली. आवाज बराच वेळ टिकला. त्यानं चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. लातूरला भांड्यांचं दुकान टाकून तीस वर्षं झाली होती. माल आवडला की तोंड पाडायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

तसा त्याचा जीव भांड्यांत नव्हताच. गावोगाव हिंडून त्यानं बँडची सतरा जुनी वाद्यं जमवली होती. निजामाच्या पलटणीचा शिक्का असलेलं मात्र एकही नव्हतं, आणि त्यावाचून ती सतराही त्याला फिकी वाटत.

अंगठ्याला खळगा लागला. त्यानं धोतराच्या सोग्यानं काळा थर पुसला. उर्दू अक्षरं, खाली पलटणीचा नंबर. अरे देवा! त्यानं शिक्का खाली करून कॉर्नेट मांडीवर ठेवला.

"कुणी आणला हा?"

"बापानं," सटवाजी म्हणाला. "पलटणीत वाजवायचा. पोलीस ॲक्शनमधी पलटण मोडली, तवा घेऊन आला. म्हणायचा, ब्यांडमास्तरनं खूश होऊन दिला. गाव म्हणतं, सरकारी माल कोण बक्षीस देतंय? चोरला. पस्तीस वर्सं झाली, आप्पा. आजून आमाला चोराचा ब्यांड म्हणतेत. पोरीच्या सोयरिकीतबी कुणीतरी हेच काढलं. इकायचं मागून बघू. आधी सांगा, ह्यो पलटणीचाच हाय का?"

गुरुबसप्पानं घरावरून नजर फिरवली. दुष्काळानं यंदाची लगीनसराई बुडाली होती. लातूर जिल्हा होऊन वर्ष उलटलं. कचेऱ्या आल्या, पाट्या आल्या, पाणी तेवढं आलं नाही. सटवाजीचे ढोलताशे, वाजंत्री सगळं खुंटीला. असा माणूस फार ताणत नाही, हे गुरुबसप्पा धरून होता.

"नक्कल आहे," तो म्हणाला. "मेरठकडचा बाजारी माल. शिक्कासुद्धा नकली. मोडीत देतोस तर नेतो."

सतराही वाद्यं त्यानं अशी नक्कल म्हणूनच घेतली होती. जीभ सवयीनंच वळली.

 सटवाजी भाव वाढवायचा विचार करतोय, असं गुरुबसप्पाला वाटलं. तेवढ्यात सटवाजी दाराकडं तोंड करून ओरडला, "केवळे! ऐकलंस का? बाजारातला हाय! बाप बढाईखोर होता गं, चोर न्हवता!"

आणि तो पन्नाशीचा गडी पटक्याच्या शेवानं डोळे पुसत ढसाढसा रडला.

त्याची बायको केवळाबाई बाहेर आली. तिनं गुरुबसप्पाच्या मांडीवरून कॉर्नेट उचलला आणि पदरात घेतला.

"मंग आता इकायचा कशाला?"

"न्हाई इकायचा," सटवाजी उठला. "आप्पा, लई उपकार झाले. आता पारावर चला. येवढं गावासमोर बोला."

पारापर्यंतच्या वाटेवर गुरुबसप्पाच्या मनात एकच हिशेब चालला होता. अस्सल म्हणावं, तर बाप चोर ठरेल, सटवाजी उंबऱ्यात उभा करणार नाही. वर कुणी तहसिलात जाऊन सरकारी माल म्हणून बोंब मारेल. नक्कल म्हणावं, तर वस्तू घरात राहील. महिनाभर पोटाला चिमटा बसला की सटवाजी आपणहून देईल. राहू दे महिनाभर. जातोय कुठं?

पारावर पाच-सहा जण बसले होते. गुरुबसप्पानं घसा खाकरून सांगितलं, "तीस वर्षं पितळ हाताळतोय. हा पलटणीचा नव्हे. बाजारातला आहे."

 सटवाजीच्या बापाला चोर म्हणत आलेल्या एका म्हाताऱ्यानं मान खाली घातली. सटवाजी त्याच्याकडं बघत राहिला.

महिन्यानं गुरुबसप्पा पुन्हा आला. नक्कल असली तरी आवाज मनात बसलाय, दुप्पट देतो, असं बोलायचं त्यानं एस्टीतच घोकून ठेवलं होतं. घर गेल्या खेपेपेक्षा रिकामं दिसत होतं. भिंतीवरचा मोठा ढोल गेला होता.

"ते समदं इकलं," सटवाजी म्हणाला. "ह्यो न्हाई."

त्यानं फडक्यातून कॉर्नेट काढला. चिंचेनं घासून लख्ख केलेला. गुरुबसप्पाचा अंगठा आपसूक त्या जागी गेला. जागा सपाट लागली. कानशीच्या ओरखड्यांवर, घरच्या तांब्यावर असतं तसं, ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं.

"हे काय केलंस?" त्याला आवाज आवरला नाही.

"देवणीच्या बाजारात भांड्यावर नावं घालणारा बसतो न्हवं, त्याच्याकडून बापाचं घालून घेतलं. शिक्का तुमीच नकली म्हणले, म्हून आधी घासून काढाय लावला. बापाच्या नावापाशी खोटं कशाला ठिवायचं?"

गुरुबसप्पा अंगठ्यानं ते ओरखडे चाचपत राहिला.

"आप्पा," सटवाजी जवळ सरकला, "मला वाचता येत न्हाई. त्यानं नीट घातलंय का, बघा की."

गुरुबसप्पानं वाचलं, "कै. लिंबाजी सखाराम."

"जरा मोठ्यानं," सटवाजी म्हणाला. "केवळी आत हाय."