आपल्या पायांनी

फिल्म आली आणि सातपूरच्या त्या कारखान्याच्या कँटीनमध्ये दुसरा विषयच उरला नाही. पॅकिंगच्या बायका डबे उघडायच्या आणि कोणीतरी विचारायचंच, "पाहिली का गं तू?"

वैष्णवीने पाहिली होती. पाहिली कसली, ती स्वतःच तिच्यात होती. खिडकीकडे पाठ, चेहऱ्यावर अंधार, आवाज बदललेला, नाव सुमन. त्यामुळे डब्यातली भाजी वाटून खाणाऱ्या या बायकांना ती कोण हे ठाऊक नव्हतं.

गोष्ट खरी घडलेली होती. धनराजशेठ म्हणून नाशिकमधलं एक बडं प्रस्थ. पेठ-सुरगाण्याकडच्या पाड्यांवरून पोरी त्याच्या बंगल्यावर आणल्या जायच्या. थोडं घरकाम करतील, शाळा शिकतील, असं आईबापांना सांगितलं जायचं. बंगल्यावर त्यांचे काय हाल झाले ते पुढे कोर्टात आलं. पण निकाल लागायच्या आधीच शेठ झोपेत गेला. मागे सापडली प्रतिभा. त्याची कारभारीण, पाड्यापाड्यावर फिरून पोरी आणणारी. तिला शिक्षा झाली, आणि फिल्मही तिच्यावरच होती.

"मला तर तिची कीव आली बाई," रोशनी म्हणाली. ती वैष्णवीच्याच टेबलावर काम करायची, मनाची चांगली. "तीसुद्धा लहानपणी त्याच बंगल्यावर आली होती ना कामाला? तिचंही तेच झालं असणार."

"कीव कसली?" लंकाबाई उसळल्या. "बाईच्या जातीने बाईला विकायचं? शेठपेक्षा हीच वाईट."

"पण राहणी बघा तिची. कोर्टातही कशी टापटीप!" आणखी कोणी म्हणाली.

बायका हसल्या. मग रोशनी म्हणाली, "मला एक कळलं नाही. ती सुमन एकदा पळून घरी गेली होती म्हणे. आणि तो प्रतिभाचा वकील म्हणतो, चार दिवसांनी आपल्या पायांनी परत आली. एवढा जाच होता तर परत कशाला जायचं?"

"घरी काही अडचण असेल," वैष्णवी म्हणाली.

"अडचण असली तरी आईने ठेवून घेतलं नसतं का? आई ती आई. ती पोरगीच काहीतरी लपवतेय."

वैष्णवीने डब्याचं झाकण लावलं.

रोशनीचं खोटं नव्हतं. पोरगी लपवत होतीच.

तेव्हा वैष्णवी पळून घरी गेली होती, आणि आईला सगळं सांगितलं होतं. जेवढे शब्द तिच्याजवळ होते तेवढ्यांत सांगितलं. मग प्रतिभा जीप घेऊन आली, खाटेवर बसली, गोड बोलली. पोरींना कामाचा कंटाळा येतो, मग काहीबाही सांगतात, असं म्हणाली. आईने तिला चहा केला. आईनेच वैष्णवीचे कपडे पिशवीत भरले. जीपपर्यंत ती चालत गेली हे मात्र खरं. दुसऱ्या कोणाच्या पायांनी जाणार होती?

फिल्म करणाऱ्या प्रफुल्लने तिला हे दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "मला आठवत नाही." कोर्टातही तिने तेच सांगितलं होतं. आई अजून त्याच पाड्यावर राहते, त्याच विहिरीवर पाण्याला जाते. लोकांनी तिच्याकडे बोट दाखवलं असतं तर म्हातारी जगली नसती.

आणि प्रतिभाबद्दल तिचं स्वतःचं मत? ते कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. याच प्रतिभाने तापात रात्रभर तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या होत्या. तिच्या केसांतल्या जटा न दुखवता सोडवल्या होत्या. आणि ताप उतरल्यावर त्याच हाताने तिला वरच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं होतं. अजूनही कुठे ताप आला की वैष्णवीला कपाळावर तोच हात हवासा वाटायचा, आणि मग स्वतःचीच किळस यायची. हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बाकी सगळं दिनेशला लग्नाआधीपासून माहीत होतं.

पुढच्या रविवारी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये फिल्म दाखवून नंतर चर्चा ठेवली होती. "तू मागे बसून ऐक फक्त," प्रफुल्ल म्हणाला. "तुला कोणी ओळखणार नाही."

"कशाला जातेस?" दिनेश म्हणाला. "लोक काय, काहीही बोलतात."

पण तिला जायचं होतं. त्याच आठवड्यात आई, कुसाबाई, मोतीबिंदू झालेले डोळे दाखवायला नाशिकला आली होती. तिने दोघांचं बोलणं ऐकलं आणि म्हणाली, "मी बी येते." पाड्यावर कोणाच्या तरी मोबाइलवर तिने फिल्मचा थोडा भाग पाहिला होता. पोरीला ओळखलंही होतं. त्यावर मायलेकींत एका शब्दाने बोलणं झालं नव्हतं.

हॉल भरलेला होता. दोघी शेवटून दुसऱ्या रांगेत बसल्या. पडद्यावर सुमन बोलत होती तेव्हा कुसाबाई आपल्या हातातल्या चपट्या पिशवीकडे बघत राहिली. दिवे लागले, प्रफुल्ल माइक घेऊन उभा राहिला आणि मतं सुरू झाली.

एक कॉलेजची मुलगी म्हणाली, प्रतिभा आधी बळी होती आणि मग गुन्हेगार झाली, हे आपण समजून घेतलं पाहिजे. एक बाई तिच्यावर तुटून पडल्या. समजून घ्यायचं तर सगळेच गुन्हेगार समजून घ्या, म्हणाल्या. कोणी म्हणालं, शेठच्या घरच्यांना मोकळं का सोडलं? टाळ्या पडल्या. वैष्णवीला हे सगळं दुसऱ्याच कोणाबद्दल चाललंय असं वाटत होतं.

मग पुढच्या रांगेतून एक निवृत्त गृहस्थ उठले. पांढरा सदरा, शांत आवाज. "मी कोणाची बाजू घेत नाही," ते म्हणाले. "पण एक मुद्दा सुटतो. ती सुमन घरी पोहोचली होती. सुरक्षित होती. तिथून ती आपल्या पायांनी परत गेली. मग संपूर्ण दोष त्या बाईला कसा देता येईल?"

"त्याबद्दल तिला काही आठवत नाही," प्रफुल्ल म्हणाला.

"सोयीचं विसरणं," मागून कोणीतरी बोललं. दोघं-तिघं हसले.

शेजारी आईने श्वास घेतला, तो वैष्णवीला ऐकू आला. आता आई उठणार असं तिला वाटलं. आईचं नाव यात येऊ नये, असं ती वर्षानुवर्षं स्वतःला बजावत आली होती. लोकांनी आईला बोलू नये म्हणून तर ती कोर्टात खोटं बोलली होती. पण त्या क्षणी तिचा सगळा जीव एवढंच मागत होता की आईने उठावं. काही सांगू नये हवं तर. नुसतं उभं राहावं.

कुसाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. माइक पुढच्या माणसाकडे गेला.

बाहेर चहा ठेवला होता. मघाशी तावातावाने बोललेल्या बाईंनी कुसाबाईला पाहिलं आणि आपुलकीने जवळ आल्या. "मावशी, तुम्ही तिकडच्याच दिसता. तुम्हाला काय वाटलं हो?"

"त्या बयेला फाशी द्याया पायजे," कुसाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला. "भर चौकात द्याया पायजे. लोकाच्या पोरी नेल्या. कुत्री!"

बाईंनी तिचा हात दाबला. "बघा, ही खरी प्रतिक्रिया," त्या शेजारणीला म्हणाल्या.

वैष्णवीने चहाचा कप तसाच खाली ठेवला. आईला इतकं रागावलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं. तो राग कुठून येतो हे त्या गर्दीत तिला एकटीलाच कळत होतं.

दोघी रिक्षाने एसटी स्टँडवर आल्या. पेठची गाडी फलाटावर लागलेली होती, पण दार उघडायला अवकाश होता.

"आये, तू तिला शिव्या नको देत जाऊ," वैष्णवी म्हणाली.

"का नको? तुझं वाटोळं केलं तिनं. मला काय ठावं होतं? तू तर कायबी बोलली नव्हतीस."

वैष्णवीने आईकडे पाहिलं. ऑपरेशनआधीचे ते धूसर डोळे गाडीच्या पाटीवर खिळलेले होते. म्हातारी खोटं बोलतेय की तिने खरोखरच स्वतःशी तसं ठरवून टाकलंय, हे सांगता येत नव्हतं. हो म्हणून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. आजवर जगाला तेच सांगितलं, आईलाही सांगायला काय जातं?

"सांगितलं होतं मी," ती म्हणाली. "सगळं सांगितलं होतं, आये."

कंडक्टरने दार उघडलं. कुसाबाई दांडा धरून चढली आणि पलीकडच्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसली. गाडी निघेपर्यंत वैष्णवी उभी होती. आईची फक्त पाठ दिसली.

त्यानंतर कित्येक दिवस आईचा फोन आला नाही. वैष्णवीने केला तर भाऊ उचलायचा. आई शेतात आहे, म्हणायचा. कँटीनमध्ये नवीन विषय आले, कोणाचं लग्न, कोणाची बदली. फिल्म मागे पडली. बरं वाटायला हवं होतं, पण वैष्णवीला काहीच वाटत नव्हतं. आपण त्या दिवशी स्टँडवर गप्प बसायला हवं होतं, असं ती दिनेशला एकदा म्हणाली. "नाही," दिनेश म्हणाला.

नागलीच्या आवणीला, रोपं लावायला, माणसं कमी पडली म्हणून भावाने बोलावलं, तेव्हा ती सुट्टी काढून गेली. आई बांधावर दिसली, वाळलेली, एका डोळ्याला हिरवी पट्टी. आल्याचं पाहून तिने नुसतं रोपांच्या जुड्यांकडे बोट केलं. दोघी शेजारी-शेजारी वाकून लावत राहिल्या. भाऊ दूर वरच्या वावरात बैल हाकत होता.

दुपारी केव्हातरी, मान वर न करता कुसाबाई म्हणाली, "सांग."

"काय?"

"तवा जे सांगत होतीस ते. मी आडवं बोलणार नाय."

वैष्णवीने सांगितलं. आता तिच्याकडे त्या वेळी नव्हते ते शब्दही होते, पण ते तिने वापरले नाहीत. आईला कळतील असेच वापरले. सुरुवातीला कुसाबाईचे हात चालत होते. रोप, चिखल, रोप. मग ते थांबले. तिने अर्ध्यात तोडलं नाही, रडलीही नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

"तवा तू केवढी होतीस?" तिने विचारलं.

"चौदा."

"मला तू मोठी वाटायचीस," कुसाबाई म्हणाली. "तुझ्या पाठच्या दोघी बहिणींपेक्षा लय मोठी."

ती चिखलात तशीच बसून राहिली, दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून. जवळ जावं की नाही, वैष्णवीला कळेना. मग आईच्या वाटची ओळ तिनेच लावायला घेतली.